ग्रुपवरची मराठी: लोकांत राहून भाषेचा अभ्यास कसा करायचा

इंदूरच्या मराठी माणसाच्या फोनमध्ये चार-पाच मराठी ग्रुप सहज सापडतात. एक घरच्यांचा, एक कॉलनीच्या गणेशमंडळाचा, एक शाळेतल्या मित्रांचा, एखादा महिला मंडळाचा किंवा भजनाचा, आणि घरात लग्नाचं कोणी असेल तर वधू-वरांचाही. होळकरांबरोबर माळव्यात आलेली ही मराठी आज इथं लिहिली जाते ती मुख्यतः अशा ग्रुपांवर. दुकानांच्या पाट्या हिंदीत, शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमाची, ऑफिसचं कामकाज हिंदीत. मराठी लिहायची वेळ येते ती अंगठ्यानेच.

भाषेच्या विद्यार्थ्याला हे घबाडच आहे. पण बहुतेकांचा प्रवास एकाच रस्त्याने होतो: 'समाजमाध्यमांवरील मराठीवर हिंदीचा प्रभाव' असा विषय घ्यायचा, चॅट एक्स्पोर्ट करायची, हिंदी शब्द मोजायचे, टक्केवारी काढायची. मोजायला माझी हरकत नाही. पण मोजून हाती येतं ते एवढंच की हिंदी शब्द आहेत, आणि ते तर छप्पन दुकानावर, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत, पोहे खाणारा कोणीही सांगेल. कोण कोणाशी बोलताना हिंदीकडे वळतो, कोण कोणाचं शुद्धलेखन सुधारतो, कोण सहा-सहा महिने गप्प राहून एकदम श्रद्धांजलीच्याच मेसेजला हात जोडतो, हे कळायचं तर ग्रुपमध्ये राहायला हवं आणि लोकांशी बोलायला हवं. एथ्नोग्राफी म्हणतात ती हीच.

ही पद्धत मुळात प्रत्यक्ष मुक्कामाची. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात ट्रोब्रिअँड बेटांवरच्या लोकांमध्ये राहिला आणि 'सहभागी निरीक्षण' म्हणजे काय याचा वस्तुपाठ त्याने घालून दिला. भाषेच्या अभ्यासात हा विचार भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्सने १९६२ मध्ये ठामपणे मांडला: व्याकरण कळलं म्हणून बोलणं कळत नाही, कुठे काय बोलायचं आणि काय नाही याचेही नियम असतात. आपल्याला जवळचं उदाहरण सांगली-मिरज-कुपवाडमधल्या कुपवाडचं. गंपर्झ आणि विल्सन या भाषेच्या अभ्यासकांनी १९७१ मध्ये दाखवलं की तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना शेकडो वर्षांच्या शेजारामुळे इतकी सारखी झाली आहे की एका भाषेतलं वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. शब्द मात्र आपापले राहिले. इंदूरच्या मराठीकडे बघताना कुपवाड डोक्यात असू द्या. दुकानातून उचललेला हिंदी शब्द लगेच डोळ्यात भरतो, पण वाक्याची बदललेली ठेवण नजरेतून निसटते. पुढे क्रिस्टीन हाइनने २००० साली इंटरनेटकडे क्षेत्र, म्हणजे जिथे राहून अभ्यास करायचा ती जागा, म्हणून बघायची मांडणी केली, आणि आंद्रुत्सोपुलोसने २००८ मध्ये साधा व्यावहारिक मार्ग सांगितला: पडद्यावरचं नियमित निरीक्षण करा आणि लिहिणाऱ्यांशी थेट संपर्कही ठेवा. दोन्ही हवं, एकावर भागत नाही.

प्रश्न सैल ठेवा, ग्रुप मात्र नेमका निवडा

'इंदूरची मराठी बिघडते आहे का?' हा प्रश्न घेऊन जाऊ नका. त्याचं उत्तर लोक आधीच तयार ठेवून असतात आणि तुम्ही तेच वेचत बसता. सुरुवातीला 'या ग्रुपवर कोणती गोष्ट कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत लिहिली जाते?' इतकंच पुरे. महिन्याभरात प्रश्न आपोआप टोकदार होतो. एखाद्या ग्रुपवर असं दिसेल की सणाच्या शुभेच्छा देवनागरीत येतात, कामाच्या सूचना रोमन अक्षरांत, आणि नगर निगमाबद्दलच्या तक्रारी हिंदीत. मग 'तक्रार हिंदीत का?' हा खरा प्रश्न मिळाला.

ग्रुप एक घ्या, फार तर तुलनेसाठी दुसरा. मला कॉलनीचा ग्रुप सर्वांत फायद्याचा वाटतो. घरच्या ग्रुपवर नाती इतकी घट्ट असतात की अर्धं बोलणं न लिहिताच समजतं, आणि पुण्या-बेंगळुरूला गेलेल्या इंदूरकरांच्या फेसबुक ग्रुपवर आठवणींचाच सुकाळ असतो. कॉलनीच्या ग्रुपवर मात्र पाणी, पार्किंग, वर्गणी, भांडण, वाढदिवस, सगळं एकाच जागी येतं. सुदामानगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर अशा वस्त्यांत तर हीच माणसं संध्याकाळी समोरासमोरही भेटतात.

स्वतः इंदूरचे असाल तर दारं लवकर उघडतील, पण तोटाही तोच. तुम्हाला काहीच नवल वाटणार नाही. पहिल्या पंधरवड्यात 'हे तर सगळेच करतात' असं जे जे वाटेल ते मुद्दाम लिहून ठेवा. पुढे त्यातूनच सर्वांत चांगली टिपणं निघतात.

कालावधी? निदान एक मोठा सण आत यायला हवा. गणपती ते दिवाळी हा टप्पा चांगला. संक्रांत ते रंगपंचमीही बरा, कारण गेरीच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, आठवड्यात एरवी 'शुभ सकाळ'पलीकडे न जाणारे लोकही लिहिते होतात.

परवानगी

पाचशे माणसं असली तरी व्हॉट्सॲप ग्रुप सार्वजनिक नसतो. आत बसून गुपचूप टिपणं घेणं म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावणं. आधी ॲडमिनशी प्रत्यक्ष भेटून बोला, मग ग्रुपवर उघड सांगा. मजकूर साधारण असा:

'नमस्कार. मी अमुक, मराठीत एम.ए. करतो आहे. आपण सगळे ग्रुपवर मराठी कशी लिहितो याचा अभ्यास मी पुढचे चार महिने करणार आहे. कोणाचंही नाव, नंबर किंवा फोटो कुठे येणार नाही. तुमचे मेसेज अभ्यासात नको असतील तर मला वेगळं कळवा, कारण सांगायची गरज नाही. मी कोणाच्या चुका काढायला बसलेलो नाही.'

शेवटचं वाक्य गाळू नका. मराठीचा अभ्यास म्हटलं की लोकांना शाळेतले बाई-मास्तर आठवतात आणि सगळे सावरून लिहायला लागतात. भाषाशास्त्रज्ञ लॅबॉव्हने १९७२ मध्ये याच पेचावर बोट ठेवलं: कोणी बघत नसताना लोक कसे बोलतात हे आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायचा रस्ता बघणं हाच असतो. सुटका पूर्ण होत नाही. दोन-तीन आठवड्यांत लोक तुम्हाला विसरतात, एवढाच दिलासा. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या मेसेजांवर फार भिस्त ठेवू नका.

महिन्यातून एकदा तीच सूचना पुन्हा टाका, नवे सभासद येत असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांना मूल मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. संशोधनाला कायद्यात सवलत आहे, पण अटींसह. सोपा उपाय म्हणजे शाळकरी मुलांचे मेसेज बाजूलाच ठेवा. विद्यापीठात असाल तर नीतिसमितीचा कागद आधी, ग्रुप नंतर.

टिपणवही

खरं काम इथे आहे, आणि कंटाळा इथेच येतो.

रोज ठरावीक दोन वेळा ग्रुप वाचा आणि लगेच लिहा. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे काय घडलं: वेळ, कोणी, कोणाला, कोणती भाषा, कोणती लिपी, आवाजी मेसेज की लिखित, कोणी उत्तर दिलं, कोणी नुसता अंगठा दाखवला. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. 'मला हसू आलं', 'हा टोमणा आहे बहुतेक', 'कळलं नाही, विचारायचं' असं काहीही. रेघ ओलांडू नका. 'ताईंनी रागाने लिहिलं' हे वाक्य डाव्या बाजूचं नव्हे. डावीकडे फक्त 'ताईंनी तीन उद्गारचिन्हं दिली आणि नंतर दिवसभर काही लिहिलं नाही'.

सुप्रभातची चित्रं, फुलांचे जीआयएफ, आलेले फॉरवर्ड कचरा समजून टाकून देऊ नका. फॉरवर्डची भाषा पाठवणाऱ्याची नसते हे खरं. पण कोण कोणत्या भाषेतलं फॉरवर्ड निवडतो, ही निवड त्याचीच असते. स्वतः रोमन अक्षरांत हिंदी लिहिणारे एखादे काका फॉरवर्ड मात्र फक्त शुद्ध देवनागरी मराठीतले पाठवत असतील, तर मराठी म्हणजे त्यांना काय वाटतं याचा तो धागा आहे.

गप्प बसणाऱ्यांची वेगळी यादी करा. मोठ्या ग्रुपवर लिहिणारे मोजके, वाचणारे पुष्कळ. एखाद्या वहिनी का लिहीत नाहीत हे त्यांना विचारल्याशिवाय कळायचं नाही, आणि उत्तर 'वेळ नसतो' असं आलं तरी दुसऱ्या भेटीत ते बदलू शकतं.

एक धागा, जवळून

खालचा संवाद मी घडवलेला आहे, पुढे सांगितलेल्या कारणासाठी. पण असे धागे इंदूरच्या कुठल्याही कॉलनीच्या ग्रुपवर भेटतील.

क: आज नर्मदेचं पाणी आलं का कोणाकडे?
ख: आमच्याकडे पण नाही. लाइनमनला फोन केला तर बोला कि शाम को आएगा
ग: 'बोलला'. आणि 'कि' नव्हे, 'की'.
घ: भिया पाणी पाहिजे, व्याकरण नको 😂
(घच्या मेसेजवर हशाच्या प्रतिक्रिया. ग पुढे काही लिहीत नाही.)
क, दोन तासांनी: पाणी आले. सर्वांचे आभार 🙏

मोजणारा इथे दोन-तीन हिंदी तुकडे लिहून पुढे जाईल. तुम्ही थांबा. ख हिंदीकडे का वळला? लाइनमनचं म्हणणं त्याच्याच शब्दांत द्यायचं म्हणून. मग हिंदी सुरू कुठे झाली? 'शाम'पासून म्हणाल तर 'बोला' ही मराठीतली चूक ठरते आणि गचं बरोबर. पण 'बोला'पासूनच हिंदी सुरू झाली असेल, तर 'बोला कि शाम को आएगा' हे सबंध वाक्य निर्दोष हिंदी आहे, आणि हिंदीत 'कि' ऱ्हस्वच असतो. म्हणजे गने मराठीच्या नियमाने हिंदी वाक्य तपासलं. दोन्ही वाचनं शक्य आहेत. निकाल देण्याचा अधिकार ख आणि ग यांच्याकडे आहे, म्हणून दोघांना वेगवेगळं विचारायचं.

मग 'भिया'. इंदूरच्या रस्त्यावरचं हे संबोधन घने मराठी वाक्याच्या तोंडाशी आणून ठेवलं आणि शिकवणीची चकमक कट्ट्यावरच्या थट्टेत ढकलली. ग त्याच्या बरोबरीचा असेल तर ही मैत्री. ग निवृत्त शिक्षक आणि घ पंचविशीतला असेल तर हा उद्धटपणाही ठरू शकतो. वय आणि नातं मेसेजच्या मजकुरात नसतं. ते तुमच्या वहीत असायला हवं.

शेवटी क. सकाळी त्याने 'पाणी आलं' लिहिलं होतं, दुपारी 'पाणी आले' लिहिलं, वर 'सर्वांचे आभार'. मधे गचा सुधारणेचा मेसेज होऊन गेला. क सावध झाला का? की आभाराचा मेसेज औपचारिकच लिहायचा अशी त्याची सवय आहे? महिन्याभरातले 'क'चे इतर आभार काढून बघा, आणि मग 'क'ला भेटा.

हाइम्सने अशा प्रसंगाकडे बघायचे आठ कोन सांगितले: जागा-वेळ, माणसं, हेतू, कशानंतर काय आलं, सूर, साधन म्हणजे भाषा आणि लिपी, वागण्याचे नियम, आणि प्रकार म्हणजे तक्रार, थट्टा, आभार वगैरे. प्रत्येक धाग्याला आठही लावत बसलात तर वैतागाल. अडलेल्या धाग्याला लावा. नियमांचा कोन विशेषतः कोणीतरी नियम मोडल्यावर उघडा पडतो, म्हणून शुद्धलेखनाच्या चकमकी, कोणी ग्रुप सोडून जाणं, ॲडमिनने 'कृपया विषयाला धरून' असं बजावणं, यांच्यावर दुप्पट वेळ द्या.

एक्स्पोर्टची फाइल

फाइल घ्या, पण तिच्या मर्यादा जाणून. व्हॉट्सॲप माध्यमांशिवाय जास्तीत जास्त शेवटचे ४०,००० आणि माध्यमांसह १०,००० मेसेज देतं. ग्रुपवर गोपनीयतेची वाढीव सोय चालू असेल तर एक्स्पोर्ट होतच नाही. ती बंद करायची गळ ॲडमिनला घालू नका. मुख्य म्हणजे कोणत्या मेसेजला कोणी काय प्रतिक्रिया दिली आणि कोणतं उत्तर कोणत्या मेसेजला जोडलेलं होतं, हे फाइलमध्ये उरत नाही. वरच्या धाग्यातला हशा तिथे दिसलाच नसता. केवळ फाइलवर अभ्यास करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

सेव्ह न केलेले नंबर फाइलमध्ये जसेच्या तसे येतात. उघडल्या उघडल्या पहिलं काम नावं-नंबर बदलून संकेत घालण्याचं. संकेतांची किल्ली वेगळ्या जागी, पासवर्डखाली.

शोधताना रोमन मराठी दमवते. 'आहे' कोणी एका 'a'ने सुरू करतो, कोणी दोन. 'नाही' तर चार-पाच तऱ्हांनी लिहिलं जातं. शोधायच्या प्रत्येक शब्दाची सगळी रूपं आधी डोळ्यांनी वाचून जमवा.

कीबोर्डची चौकशी

ही पायरी बरेच जण विसरतात आणि मग भलतेच निष्कर्ष काढतात. ज्याच्या फोनवर कीबोर्ड हिंदीचा आहे त्याला सुचवण्याही हिंदीच्या येतात. 'कि' त्याने लिहिला की फोनने? बोलून टाइप करणाऱ्याने सेटिंग हिंदीचं ठेवलं असेल तर त्याची मराठी फोन हिंदीच्या साच्यात ऐकतो आणि तशीच लिहितो. 'ळ'च्या जागी 'ल' दिसला की उच्चारावर लेख लिहायची घाई नको. आधी त्या कीबोर्डवर 'ळ' कुठे दडला आहे ते बघा. प्रत्येकाला एकच गोष्ट विचारा: 'मला तुमच्यासमोर एक मेसेज लिहून दाखवता का?' पाच मिनिटांत अर्ध्या शंका फिटतात.

भेटी

मुलाखत हा शब्द वापरू नका, लोक कपडे बदलून बसतात. 'काकू, जरा तुमच्या ग्रुपवरच्या मेसेजबद्दल विचारायचं होतं' म्हणून जा. पोहे समोर येतीलच. नाही म्हणू नका, वर जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसालाही मागा.

'तुम्ही मराठीत हिंदी मिसळता का?' असं थेट विचारलंत तर दोनच उत्तरं मिळतील: 'छे, आमच्या घरी शुद्ध मराठी' नाहीतर 'आमची मराठी कसली, सगळी बिघडलेली'. दोन्ही उत्तरं लिहून घ्या, कारण लोकांना स्वतःच्या भाषेबद्दल काय वाटतं हे त्यात आहे. पण ते काय करतात हे त्यात नाही. त्यासाठी त्यांचाच एक मेसेज समोर ठेवा. 'हे तुम्ही काकांना लिहिलंत. मुलाला लिहिलं असतं तर कसं लिहिलं असतं?' 'इथे मधेच इंग्रजी अक्षरं का?' फोन त्यांच्याच हातात राहू द्या, वर-खाली त्यांनीच करू दे. दाखवायचं नसेल ते त्या सरकवून पुढे जातील, आणि तो हक्क त्यांचा आहे.

'पुणेरी मराठी', 'आपली इंदूरी', 'छापील', 'घरगुती' असे लोकांचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे टिपा. पुढे वर्गवारी करताना हीच खणांची नावं ठेवा. 'संकेतमिश्रण' (दोन भाषा मिसळणं), 'संकेतबदल' (एका भाषेतून दुसरीत जाणं) वगैरे शास्त्रीय नावं नंतर येऊ द्यात. सुरुवातीलाच लावली की सगळं त्यांच्याच खणांत कोंबलं जातं. गणपतीच्या आरतीला आणि हळदीकुंकवालाही जा. ग्रुपवर कडक छापील मराठी लिहिणाऱ्या बाई स्वयंपाकघरात कशा बोलतात हे ऐकलंत की ग्रुपवरचं लिहिणं त्यांच्यासाठी काय आहे याचा अंदाज येतो.

लिहून काढताना

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. इंदूरच्या मराठी वर्तुळात 'सुदामानगरातले निवृत्त शिक्षक, शुद्धलेखनाचे कैवारी' एवढं लिहिलंत तरी निम्म्या लोकांना ते कोण हे कळेल. वस्ती, व्यवसाय, वय यांपैकी एखादी गोष्ट बदला किंवा गाळा, आणि बदलल्याचं प्रस्तावनेत सांगा. फेसबुकवरच्या उघड मजकुरातलं वाक्य जसंच्या तसं छापलंत तर कोणीही ते शोधून लिहिणाऱ्यापर्यंत पोचतो. अशा वेळी मूळ वाक्याचा भाषिक मुद्दा राखून नवं वाक्य घडवा. वरचा पाण्याचा धागा त्यासाठीच घडवलेला आहे.

छापण्याआधी मसुदा ग्रुपमधल्या दोघा-तिघांना वाचायला द्या. एक जण तरी म्हणेल, 'असं काही नसतं हो, तुम्ही उगाच अर्थ काढता.' त्याचं म्हणणं कापू नका. का पटलं नाही ते विचारा आणि त्याच प्रकरणात त्याला जागा द्या. ग गप्प का झाला, याचं गने दिलेलं कारण तुमच्या कारणाशी जुळलं नाही तर दोन्ही छापा.

मुदत संपली की ग्रुपवर तसं सांगा: 'माझा अभ्यास आजपासून थांबला, यापुढचे मेसेज मी टिपणार नाही.' त्यानंतर ग्रुपमध्ये राहायचं असेल तर खुशाल राहा, वर्गणी भरा, पाणी आलं का विचारा. वही मात्र बंद. मूळ एक्स्पोर्ट फाइल संमती घेताना ठरवलेल्या तारखेला पुसून टाका, फोनच्या आणि ड्राइव्हच्या बॅकअपमधूनही, आणि पुसल्याचं ॲडमिनला कळवा.